स्कीइंगचे छोटे गेम आणि माझा परत आलेला सिनॉप्सिस

पेट पास झाली की सुटलो, असं वाटतं. खरी अडचण सिनॉप्सिस लिहायला बसल्यावर कळते. गेल्या काही महिन्यांत ज्यांनी ज्यांनी मला विचारलं, त्या सगळ्यांचा प्रश्न जवळपास एकच होता: "ताई, विषय ठरलाय, पण त्यात काय काय घ्यायचं?" मी उलट विचारते, त्यातलं काय काय सोडणार आहात? यावर बहुतेक जण गप्प होतात. मीही झाले होते.

माझा विषय उतारावरून घसरणाऱ्या कोरड्या कणांचा. वाळू, धान्य, असले कण. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी कणांचा आकार घेतला, त्यांची जाडी घेतली, ओलावा घेतला, उताराचा कोन, खालून येणारं कंपन, बाजूच्या भिंतींचं घर्षण, सगळं घेतलं. जेवढं जास्त तेवढं भारी, अशी माझी समजूत. समितीतल्या एका सरांनी पानं चाळली आणि शांतपणे विचारलं, "यातलं काय काढलं तर तुमचा प्रश्न मरतो?" मला उत्तर देता आलं नाही. सिनॉप्सिस परत आला आणि सहा महिने गेले.

त्या सुट्टीत मी नांदगावला घरी होते. ताई माहेरी आली होती आणि तिचा अकरा वर्षांचा मुलगा दिवसभर तिच्या फोनवर 'आल्टोज् अ‍ॅडव्हेंचर' खेळत बसायचा. बर्फाळ डोंगर, त्यावरून घसरत जाणारा एक मुलगा, पळालेले लामा पकडायचे. बाहेर मे महिना, नगरपालिकेच्या बागेतली लोखंडी घसरगुंडी दुपारी हात लावू देत नाही, आणि हा पठ्ठ्या पंख्याखाली बर्फावरून घसरतोय. तो एकदम म्हणाला, "मावशी, हा डावी-उजवीकडे वळत का नाही?"

मी म्हटलं, कारण त्याच्या जगात डावं-उजवं नाहीच. बोलून गेले आणि मग मीच विचारात पडले. खऱ्या स्कीइंगमध्ये वळणं हेच तर सगळं कौशल्य. वळूनच वेग आवरायचा, वळूनच थांबायचं. आणि या गेमने नेमकं तेच काढून टाकलंय. तरी डोंगर उतरल्याचा आनंद शिल्लक आहे. माझ्या सिनॉप्सिसला जे जमलं नव्हतं, ते या गेमला जमलं होतं.

मग मी असे गेम हुडकत बसले. (अभ्यास टाळायला याहून चांगलं निमित्त नाही.) त्यातले तीन इथे घेते, कारण तिघांनी एकच डोंगर तीन तऱ्हांनी कापलाय.

पहिला बहुतेकांनी पाहिलेला आहे, 'स्कीफ्री'. आमच्या इथल्या कॉम्प्युटर क्लासच्या जुन्या मशीनवर कुणीतरी तो टाकून ठेवला होता. लोडशेडिंग व्हायच्या आत दोन डाव खेळून घ्यायचे, असा आमचा हिशेब असायचा. पांढरा पडदा, झाडं, कुत्री, आणि शेवटी कुठूनतरी येऊन आपल्याला गिळणारा करडा हिममानव. मायक्रोसॉफ्टमध्ये प्रोग्रामर असलेल्या क्रिस पिरीह यांनी तो घरी, स्वतःच्या करमणुकीसाठी आणि शिकण्यासाठी लिहिला होता. १९९१ मध्ये तो विंडोजच्या एन्टरटेनमेंट पॅकमध्ये आला. आता नीट बघा. हा डोंगर वरून दिसतो. वरून पाहिलं की उंची दिसत नाही, म्हणजे उतारच दिसत नाही! स्कीइंगच्या गेममध्ये उतार नाही. पिरीहनी ठेवली ती फक्त दिशा: तोंड सरळ खाली केलं की वेग जास्त, तिरकं केलं की कमी, पूर्ण आडवं केलं की थांबला. गुरुत्वाकर्षण या एका नियमात गुंडाळलंय, आणि झाडं चुकवायला तेवढं पुरतं.

दुसरा आल्टो. २०१५ चा, टोरांटोच्या स्नोमॅन या छोट्या स्टुडिओने हॅरी नेस्बिट या कलाकाराबरोबर केलेला. यात स्की नाहीत, दोन्ही पाय एकाच फळीवर, म्हणजे स्नोबोर्ड. पण आपल्या कामापुरता फरक नाही. इथे डोंगर बाजूने दिसतो, म्हणून उतार आहे आणि वळण नाही. बोट टेकवलं की उडी, दाबून धरलं की हवेत कोलांटी, बस. ज्याच्याकडे बस येईपर्यंतची पाच मिनिटं आहेत, ज्याला बटणं पाठ करायची नाहीत, त्याच्यासाठी केलेला हा गेम आहे. गंमत म्हणजे कोलांटी नीट उतरली की आल्टोचा वेग वाढतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे चूक आहे, कोलांटी मारून ऊर्जा कुठून येणार? पण गेमचा प्रश्न 'वेग किती' हा नाहीच, 'लय लागते का' हा आहे. पुढे त्यांनी झेन मोड दिला, त्यात गुणही नाहीत आणि नाणीही नाहीत. पडलात तर उठून पुढे चालायचं. प्रश्न स्पष्ट असला की अजून काय काढता येतं ते आपोआप सुचत जातं.

तिसरा आपल्यासारख्यांच्या सगळ्यात जवळचा, 'टक्स रेसर'. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जास्मिन पॅट्री या विद्यार्थ्याने कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या कोर्सचा शेवटचा प्रकल्प म्हणून १९९९ मध्ये तो तीन दिवसांत उभा केला. हो, तीन दिवसांत. २००० मध्ये तो मुक्त परवान्याखाली बाहेर आला आणि त्याचाच पुढचा अवतार 'एक्स्ट्रीम टक्स रेसर' आजही फुकट मिळतो. पेंग्विनला स्की नाहीत, तो पोटावर घसरतो आणि वाटेत मासे खातो. डोंगर मात्र पूर्ण तीन मितींचा. तो साठवलाय एका करड्या चित्रात: चित्रातला प्रत्येक ठिपका जितका उजळ, तितकी तिथली उंची जास्त. दुसऱ्या चित्रात कुठे हिम, कुठे घट्ट बर्फ, कुठे खडक ते. म्हणजेच कुठे घर्षण किती ते. भूगोलवाल्यांना यात उंचीचे नकाशे ओळखू येतील.

याचा कोड वाचाच. हवेचा विरोध काढताना आधी रेनॉल्ड्स अंक काढलाय आणि त्यावरून विरोधाचा गुणांक तक्त्यातून उचललाय. समीकरण सोडवताना काळाची पावलं गरजेप्रमाणे लहान-मोठी करणारी पद्धत वापरलीय. एम.एस्सी.ला न्यूमेरिकल मेथड्सच्या पेपरात आपण हे पाठ करून लिहितो ना, ते इथे पेंग्विनसाठी चाललंय.

पॅट्रीने हवेवर एवढी मेहनत का घेतली असेल? जरा आकडेमोड करून बघू. हिमावर स्कीचं घर्षण फार कमी असतं, गुणांक ०.०५ धरा. एवढ्या घर्षणावर घसरायला सुरुवात व्हायला जेमतेम ३ अंशांचा उतार पुरतो. नांदगावहून मुंबईला जाताना कसारा घाट लागतो, तिथे रेल्वेचा चढ ३७ ला १, म्हणजे दीड अंशाच्या आसपास. त्याच्या साधारण दुप्पट उतार झाला की स्कीवाला निघाला खाली. आता उतार २० अंशांचा घ्या. गुरुत्वाचा उताराच्या दिशेचा भाग ३.३५, त्यातून घर्षणाचे ०.४६ वजा केले की त्वरण येतं सुमारे २.९ मीटर प्रति सेकंद वर्ग. हवा सोडून दिली, तर १० सेकंदांत वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर, २० सेकंदांत २०० च्या वर, आणि पुढे तो वाढतच राहणार. साध्या उतारावर कुणी असं जात नाही. हवा घेतली की चित्र बदलतं. ७० किलोचा माणूस, ताठ उभा, विरोधाचा गुणांक गुणिले समोरचं क्षेत्रफळ ०.५ चौरस मीटर धरलं, तर वेग ताशी ९३-९४ किलोमीटरला जाऊन स्थिरावतो. तोच माणूस गुडघ्यात वाकून बसला आणि हा आकडा ०.२ झाला, तर १४८. (डोंगरावर हवा विरळ असते, त्यामुळे खरे आकडे थोडे वरच जातील.) म्हणजे 'वेग किती होईल' हा प्रश्न असेल तर घर्षण चुकलं तरी फार बिघडत नाही, हवा सोडली तर सगळंच कोसळतं. प्रश्न 'किती उतारावर घसरायला लागेल' असा असेल, तर नेमकं उलटं. तिथे हवा खुशाल सोडा, पण घर्षण चुकवू नका.

सरांच्या प्रश्नाचा अर्थ मला या आकडेमोडीनंतर कळला.

आता जरा वाट सोडून. या तिन्ही गेमनी ज्याला हातच लावला नाही, असा एक प्रश्न आहे: बर्फ निसरडा का असतो? 'दाबामुळे बर्फ वितळतो, पाण्याचा थर तयार होतो', हे आपण शाळेपासून लिहीत आलोय. स्कीसाठी करून बघा. दोन स्की, प्रत्येकी साधारण १.७ मीटर लांब आणि ७ सेंटीमीटर रुंद, मिळून पाव चौरस मीटरच्या आसपास क्षेत्रफळ. ७० किलोच्या माणसाचा दाब येतो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३ टक्के. १ वातावरण दाब वाढवला तर बर्फाचा वितळणबिंदू ०.००७ अंशांच्या आसपास खाली येतो. म्हणजे आपला स्कीवाला तो ०.०००२ अंशांनी खाली आणतो! बाहेर उणे १० असेल, तर दाबाने वितळवायला हजाराहून जास्त वातावरणांचा दाब लागेल. स्कीचा प्रत्यक्ष स्पर्श हिमाच्या थोड्याच टोकांना होतो, तिथे दाब जास्त असतो, हे खरं; तरी एवढी मोठी दरी त्याने भरून निघणं कठीण. १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी दाखवलं, की घासण्यातून निघालेल्या उष्णतेने पातळ थर वितळतो, हे स्पष्टीकरण जास्त बसतं. बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच सैल थर असतो, हा विचार तर फॅरेडेपासूनचा, १८५० चा. यावर काम अजून चालू आहे. आणि गेममध्ये हे अख्खं शास्त्र एका आकड्यात मावलंय. पेंग्विनला खाली पोचायला तो आकडा कुठून आला हे कळायची गरज नाही.

अजून एक. मराठीत आपण लादीलाही बर्फ म्हणतो आणि आकाशातून पडतो त्यालाही बर्फच. रसवंतीवरची लादी वेगळी आणि गोळेवाल्याने किसलेला भुगा वेगळा. स्की चालते ती त्या भुग्याच्या भावंडावर. तुमच्याही विषयात असा एक शब्द असेल, ज्यात दोन वस्तू लपल्या आहेत. सिनॉप्सिस लिहायच्या आधी तो हुडकून काढा, नाहीतर समिती हुडकेल.

माझं काय झालं? मी परत बसले आणि एका ओळीत प्रश्न लिहिला: कोरड्या कणांचा थर किती कोनाला सुटतो, आणि कणांच्या आकाराने तो कोन किती बदलतो? मग ओलावा गेला, कारण ओल आली की कण एकमेकांना चिकटतात आणि तो प्रश्नच वेगळा होतो. कंपन गेलं. भिंती मात्र काढता आल्या नाहीत. अरुंद खोक्यात भिंतीच कण धरून ठेवतात आणि कोन वाढलेला दिसतो, म्हणून पेटी रुंद करायचं ठरवलं. ओलावा काढताना जिवावर आलं, खरं सांगते. त्यावर मी चाळीस पेपर वाचले होते. दुसरा सिनॉप्सिस पहिल्याच्या निम्म्याहून लहान झाला आणि पास झाला.

स्कीफ्रीचं एक सांगायचं राहिलं. आमच्या क्लासमध्ये सगळ्यांना 'माहीत' होतं, की हिममानव आला की संपलं, सुटका नाही. वर्षानुवर्षं आम्ही निमूटपणे खाऊन घेतलं. एफ हे बटण दाबलं की वेग वाढतो आणि त्याच्या हातून निसटता येतं, हे मला इतक्या वर्षांनी, एका व्यंगचित्रावरची चर्चा वाचताना कळलं. ते बटण पहिल्यापासून तिथेच होतं. किबोर्डवरची सगळी बटणं एकेकदा दाबून बघायला दहा मिनिटंसुद्धा लागली नसती, पण आमच्यातल्या एकानेही ते केलं नाही. आणि पिरीह यांचं तर याहून वाईट झालं. पुढची आवृत्ती करायला घेतली आणि मूळ कोडच सापडेना. तो हाती लागला २००५ मध्ये. तुमचा डेटा सध्या किती ठिकाणी आहे? मी मेसेज केल्यावर एका मैत्रिणीने 'एकाच पेनड्राइव्हवर' असं कळवलं, आणि तो पेनड्राइव्ह हॉस्टेलच्या खोलीत होता.

या आठवड्यात वेळ मिळाला तर एक करा. एक्स्ट्रीम टक्स रेसरचा कोड उतरवून घ्या आणि भौतिकशास्त्राचा भाग असलेली फाइल शोधा. आधी घर्षणाचे आकडे दुप्पट करून एकच वाट पाच वेळा उतरा आणि वेळ लिहून ठेवा. मग घर्षण होतं तसं करा, रेनॉल्ड्सच्या तक्त्याऐवजी एकच ठरावीक गुणांक ठेवा, आणि परत पाच वेळा. कुठल्या बदलाने वेळ जास्त हलते, याचा अंदाज खेळायच्या आधी वहीत लिहा. माझा चुकला होता. किती, ते आत्ता सांगत नाही.