अक्षराची रेषा होण्याआधी

माझ्या कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावर अम्मीवरच्या कवितेची एक ओळ घ्यायची होती. नमुन्याची प्रत हातात आली, तर ‘अम्मी’चं ‘आम्ही’ झालेलं. कुणीतरी चांगल्या मनानं ‘चूक’ सुधारली होती. एवढा शब्द बदला म्हटलं, तर मांडणी करणारा मुलगा म्हणाला, ‘‘सर, ती आता अक्षरं नाहीत, रेषा झाल्यात. आधीची फाईलही ठेवलेली नाही.’’ अख्खं मुखपृष्ठ पुन्हा करावं लागलं. तेव्हा मी त्याच्या शेजारी बसून हा प्रकार समजून घेतला.

छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची दाटी. फार मोठं केलं की ठिपके उघडे पडतात. व्हेक्टर चित्र रांगोळीसारखं असतं. मोजके बिंदू आणि त्यांमधून जाणारी रेषा कशी वळते, एवढंच संगणक लक्षात ठेवतो. म्हणून तेच बोधचिन्ह पोस्टकार्डावरही रेखीव दिसतं आणि मोठ्या फलकावरही.

अशी चित्रं काढणारे तीन प्रोग्राम पाहू. अडोबी इलस्ट्रेटर १९८७ साली मॅकिंटॉशसाठी आला. त्याची रेषेवरची हुकमत मोठी. पण २०१३ पासून नव्या आवृत्त्या भाडेतत्त्वावरच मिळतात. १९८९चा कोरलड्रॉ आपल्याकडच्या छापखान्यांत रुळला. लग्नपत्रिका, लेबलं, फलक त्यावर झटपट होतात. २००३ साली सुरू झालेला इंकस्केप मोफत आहे. शिकायला उत्तम, मात्र त्याचं काम मुख्यतः पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत चालतं. छपाईला निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाया लागतात, हे ध्यानात ठेवावं.

पण मुखपृष्ठ वेगळं आणि दोनशे पानांचं पुस्तक वेगळं. पृष्ठांक, समास, पानापानांतून वाहणारा मजकूर यांसाठी इनडिझाईन किंवा मोफत मिळणारा स्क्रायबस घ्यावा. मराठीसाठी इनडिझाईनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडायला विसरू नये, नाहीतर जोडाक्षरं मोडतात. स्क्रायबसच्या १.४ या जुन्या आवृत्तीतही ती मोडत. २०२४ साली आलेल्या १.६ या आवृत्तीत जुळतात.

फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला तर अक्षरं बिघडतात, म्हणून छपाईआधी त्यांच्या रेषा करतात. त्यात वावगं काही नाही. पण एकदा रेषा झाली की संगणकाच्या लेखी ‘अ’ हा ‘अ’ राहत नाही, ती नुसती आकृती होते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये असावा, मूळ फाईल वेगळी जपावी, कवीला शेवटची प्रत दाखवावी आणि मगच अक्षरांच्या रेषा कराव्यात.

माझ्या पुस्तकावर अखेर ‘अम्मी’ छापलं गेलं. त्या मुलानं तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. न ओळखीचा शब्द दिसला, की सुधारण्याआधी तो फोन करतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)