पन्नाशीचे तिशीशी हितगुज

सुश्रुताचार्यांनी रजःप्रवृत्तीचा काल १२ ते ५० वर्षे सांगितला आहे. ती मर्यादा ओलांडलेल्या आम्हा वैद्यभगिनींना आता स्वतःचाच प्रज्ञापराध बोचतो. रुग्णांना पथ्य सांगता सांगता आम्ही दुपारचे भोजन चहावर भागविले; रक्तप्रदर ‘बाईचे भोग’ म्हणून सोसला. आमच्यातील एकीचे हिमोग्लोबिन ८ वर आले, तेव्हा कुठे पांडुरोग ओळखला! (निदान करणाऱ्याही आम्हीच.) २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. विशी-तिशीतील भगिनींनो, जेवणालगतचा चहा लोहाचे शोषण रोखतो; त्याऐवजी आवळा घ्यावा. अस्थिबल साधारणतः तिशीपर्यंतच साठते, म्हणून नाचणी, तीळ व व्यायाम आताच हवा. रजःस्राव ७ दिवसांहून अधिक चालल्यास मात्र स्वतःच शतावरी घेत न बसता तपासणी करवून घ्यावी.