‘दूध पाण्यासारखं येतं’ : आईच्या दुधातली मेदाम्लं



जव्हारजवळच्या शिरपामाळला सहल नेली की आपण मुलांना शिवाजी महाराजांचा मुक्काम आणि शिरपेच सांगतो. पण याच भागातल्या पाड्यांवर पालकभेटीला गेलात, तर ओटीवर बसलेली एखादी आजी कधी ना कधी म्हणतेच, “सुनेचं दूध पाण्यासारखं येतं, पोराचं पोट भरत नाय.” मग घरात बाटली येते आणि बाटलीमागून जुलाब. आजीचं निरीक्षण चुकीचं नाही बरं का! चुकतो तो तिचा निष्कर्ष.

आईच्या 100 मिली दुधात साधारण 3 ते 4.5 ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. बाळाला मिळणाऱ्या ऊर्जेतली जवळजवळ निम्मी यातूनच येते. पण हे प्रमाण पहिल्या घोटापासून सारखं नसतं. सुरुवातीचं दूध पातळ, निळसर दिसतं. स्तन रिकामा होत जातो तसं दूध दाट होतं आणि शेवटी स्निग्धांश दोन-तीन पटही होतो. पहिले चार थेंब बघून दूध ‘कसदार नाही’ म्हणणं म्हणजे पातेल्याच्या तळचं दूध काढून ‘साय कुठाय?’ विचारण्यासारखं आहे. म्हणून बाळाला एक बाजू पूर्ण पिऊ द्यावी, मग दुसरी.

आता मेदाम्लं. दहावीला ‘कार्बनी संयुगे’ शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. दुधात सर्वांत जास्त असतं ते ओलेइक आम्ल : 18 कार्बन, एक दुहेरी बंध. त्याखालोखाल पामिटिक : 16 कार्बन, एकही दुहेरी बंध नाही, म्हणजे संपृक्त. मग लिनोलेइक, दोन दुहेरी बंधांचं. आणि अगदी थोडं, जगाची सरासरी काढली तर एकूण मेदाम्लांच्या 0.3 टक्क्यांच्या आसपास, डीएचए : 22 कार्बन, सहा दुहेरी बंध. बाळाचा मेंदू आणि डोळ्यांचा पडदा घडताना हे लागतं.

पामिटिकची एक गंमत आहे. मेदाच्या रेणूला मेदाम्लांसाठी तीन जागा असतात. आईच्या दुधात पामिटिक बहुतेक वेळा मधल्या जागी बसतं, त्यामुळे पचताना सहज सुटं होत नाही. सुटं झालं तर ते कॅल्शियमशी जुळून चक्क साबण तयार होतो, आणि बाळाला कडक शी होते.

हा मेद येतो कुठून? थोडा आईच्या रोजच्या जेवणातून, बराचसा तिच्या अंगावरच्या साठ्यातून आणि थोडा स्तनातच तयार होतो. भात-भाकरी भरपूर पण तेल कमी, असं जेवण असेल तर स्तन लॉरिक, मिरिस्टिकसारखी मध्यम लांबीची आम्लं जास्त बनवतो. म्हणजे नागलीची भाकरी खाणाऱ्या बाईच्या दुधातही मेद असतोच; त्याचा प्रकार बदलतो. झीज मात्र तिच्या अंगाची होते. चिंता करायचीच तर तिच्या ताटाची करा.

आपल्याकडच्या खुरासणीच्या तेलात लिनोलेइक भरपूर, मोहाच्या बियांच्या तेलात ओलेइक बरंच. पण डीएचए या दोन्हींत नाही. ते मिळतं मासे, खेकडे, अंड्यांतून. याच पालघर जिल्ह्यात सातपाटीच्या कोळणीच्या ताटात मासळी नेहमीची. मोखाड्याच्या डोंगरात नदी-ओहोळाचे मासे आणि खेकडे मुख्यतः पावसाळ्यातले. दोघींच्या दुधात डीएचए सारखंच असेल, असं धरता येत नाही. 2015 पासून आदिवासी भागात चालू असलेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. त्यातलं अंडं तिने स्वतः खायचं असतं, घरी नेऊन मोठ्या मुलांत वाटायचं नाही. हे पालकसभेत सांगावं लागतं, आणि सांगताना आपल्यालाच अवघड वाटतं.

दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर जातात. तिथे आई तासन्‌तास कामावर, बाळ झोळीत. इतक्या वेळाने पाजायला घेतलं की तुंबलेल्या स्तनातून आधी पातळ दूधच येणार. त्यात मुकादमाची हाक आली की पाजणं अर्ध्यावर सुटतं आणि दाट दूध आतच राहतं. अशा वेळी तिला हवी असतात सलग वीस-पंचवीस मिनिटं आणि बसायला सावली.