गोळी चालू, अंगावर पुरळ : रक्ताच्या कर्करोगावरील औषधांविषयी थोडेसे

आमच्या औषध साहाय्य निधीतून रक्ताच्या कर्करोगावरील गोळ्या दरमहा सवलतीत दिल्या जातात. अहवाल वर्षात या निधीचा हिशेब तपासताना असे ध्यानात आले, की काही रुग्ण पहिल्या महिन्याच्या गोळ्या घेऊन गेले आणि पुढील गोळ्यांसाठी आलेच नाहीत. पैशांची अडचण असावी, असे आम्ही गृहीत धरले. समाजसेवा विभागाने घरी चौकशी केली तेव्हा वेगळेच कळले. अंगावर पुरळ उठले, खाज सुटली, ‘औषध उष्ण पडले’ असे शेजारी म्हणाले आणि गोळ्या फडताळात गेल्या. दोष रुग्णांचा नाही. पुरळ उठू शकते हे आम्हीच त्यांना नीट सांगितले नव्हते. आम्ही वाणिज्य शाखेचे. म्हणून पुढील माहिती आमच्या डॉक्टरांकडून समजून घेऊन देत आहोत.

मल्टिपल मायलोमा या आजारात अस्थिमज्जेतील, प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशीच बेसुमार वाढू लागतात. त्यावर लेनालिडोमाइड हे औषध दिले जाते. ते पेशीतील सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि त्याच्याकरवी इकॅरोस व आयोलोस ही दोन प्रथिने मोडीत काढवते. कर्करोगाची पेशी या दोन प्रथिनांवर जगते, म्हणून ती मरू लागते. परंतु शरीराचे रक्षण करणाऱ्या टी पेशींमध्ये हीच प्रथिने लगामाचे काम करीत असतात. तेथे लगाम सुटतो आणि टी पेशी अधिक जोमाने कामाला लागतात. आमच्या भाषेत सांगायचे, तर नोंद एकच, पण ती दोन खात्यांवर पडते. या जागृतीचा कर्करोगाशी लढताना लाभच होतो. मात्र टी पेशी त्वचेतही असतात, आणि पुरळ उठण्यामागे त्यांची ही वाढलेली हालचाल हे एक कारण मानले जाते.

हे पुरळ बहुधा पहिल्या महिन्यात उठते व बहुतेकांत सौम्य असते. खाजेची गोळी, मलम, क्वचित काही दिवसांची विश्रांती यावर ते आटोक्यात येते. विश्रांती किती दिवसांची, हे मात्र डॉक्टरांनी ठरवावयाचे असते.

या औषधाचे मूळ थॅलिडोमाइडमध्ये आहे. अर्भकांत गंभीर व्यंगे आढळल्यामुळे १९६१ मध्ये जर्मनीत ते बाजारातून काढून घेण्यात आले. (गरोदरपणात लेनालिडोमाइडही पूर्ण वर्ज्य आहे.) पुढे जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन यांनी कुष्ठरुग्णांना झोपेसाठी ते दिले, तेव्हा त्यांच्या त्वचेवरील वेदनादायक गाठीच ओसरल्या. १९९८ मध्ये अमेरिकेत त्या विकारासाठी त्याला मान्यता मिळाली. एकाच घराण्यातील औषधाने कोठे त्वचा शांत व्हावी आणि कोठे पेटावी, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावरील इमॅटिनिबनेही पुरळ उठते. शिवाय काहींचा रंग उजळतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना लागणारे किट हे प्रथिन ते अडवते, म्हणून असे होते. घरचे लोक कोड समजून घाबरतात. हा औषधाचा परिणाम असून त्यासाठी गोळी बंद करण्याचे कारण नसते.

ताप, तोंडात वा डोळ्यांत जखमा, फोड, कातडी सुटणे, चेहऱ्यावर सूज यांपैकी काहीही दिसल्यास मात्र पुढील गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालयात यावे. येताना घरातील सर्व औषधे आणावीत. यूरिक ॲसिडसाठी दिलेल्या ॲलोप्युरिनॉलनेही अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, आणि दोष उगाच कर्करोगाच्या गोळीवर येतो.

आता गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटाबरोबर या लक्षणांचे पिवळे कार्ड दिले जाते. ते बाह्यरुग्ण विभागात दाखविल्यास केसपेपरच्या रांगेत उभे राहावे लागत नाही.