कर्ज कुणाचं, फी कुणाची

विक्रीखतातलं पहिलं नाव आयझॅकचं. वय ६५. त्याखाली थोरला मुलगा चार्ल्स, ४०. मुलगी नेली, ३८. अशी ही २७२ माणसांची यादी. दोन महिन्यांचं तान्हं बाळही त्यातून सुटलेलं नाही. १९ जून १८३८ रोजी मेरीलंडच्या जेझुइट पाद्र्यांनी ही माणसं लुइझियानातल्या मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरना विकायचा करार केला. घेणाऱ्यांपैकी हेन्री जॉन्सन त्या राज्याचा माजी गव्हर्नर. रोमहून अटी आल्या होत्या: कुटुंबं फोडू नका, त्यांच्या धर्माचरणात खंड पडू देऊ नका आणि या पैशातून कर्ज फेडू नका. तिन्ही अटी धाब्यावर बसल्या. पहिल्या हप्त्यातले १७,००० डॉलर वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन कॉलेजचं कर्ज फेडण्यात गेले.

१८६२ मध्ये त्याच वॉशिंग्टन शहरात गुलामगिरी संपली, तेव्हा सरकारने नुकसानभरपाई दिली. दिली ती मालकांना, माणशी ३०० डॉलरपर्यंत. सुटलेल्याने देश सोडून जायचं कबूल केलं, तर त्याला १०० डॉलरपर्यंत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केलं, त्यांनी माणसं सोडवली हे खरंच. पण घामाचा हिशेब राहूनच गेला.

२०१६ मध्ये जॉर्जटाउनचे अध्यक्ष जॉन डिजोया यांनी जाहीर केलं की या २७२ जणांच्या वंशजांना प्रवेशात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांइतकंच झुकतं माप मिळेल. फीचं मात्र तुमचं तुम्ही बघा. आणि फी तेव्हा वर्षाला ५०,००० डॉलरच्या घरात होती. तिथल्या मदतीच्या अर्जात आईवडिलांचा पगार, बँकेतली शिल्लक, घराची किंमत, सगळं भरावं लागतं. खापरपणजोबांना विकून कुणाचं कर्ज फिटलं, याचा रकाना त्यात नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा: मदत गरजेवर द्या, वंशावर कशाला? वंशजांतला एखादा डॉक्टरचा मुलगा असेल, आणि शेजारी कोळसाखाणीतल्या मजुराची मुलगी कर्ज काढून शिकत असेल. आक्षेपात दम आहे, पण तो शिष्यवृत्तीला लागू पडतो, देण्याला नाही. बँकेत आपली ठेव परत मागायला गेलेल्याकडे कुणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. माझ्या मते घोळ इथेच होतो. देणं शिष्यवृत्तीच्या खात्यात टाकलं की घेणारा याचक ठरतो, आणि गरजू मुलाला वाटतं की आपल्याच ताटातलं काढलं.

एप्रिल २०१९ मध्ये जॉर्जटाउनच्या विद्यार्थ्यांनी सार्वमत घेतलं: प्रत्येकाने दर सत्राला २७.२० डॉलर वंशजांसाठी द्यायचे. बाजूने २,५४१, विरोधात १,३०४. मुलांचं मन मोठं, यात शंका नाही. पण कर्ज फिटलं संस्थेचं आणि वर्गणी विद्यार्थ्यांवर, तीही सरसकट! परवा-परवा भारतातून किंवा कोरियातून तिथे गेलेल्या घरातल्या मुलाने ‘१८३८ शी माझा काय संबंध’ असं विचारलं, तर त्याला हृदयशून्य म्हणता येत नाही. संस्थेने ही आकारणी लागू केलीच नाही. त्याऐवजी देणग्यांतून वर्षाला ४,००,००० डॉलर उभारायचं ठरवलं. जेझुइटांनी २०२१ मध्ये १० कोटी डॉलरचा शब्द दिला, तो वंशजांबरोबर काढलेल्या प्रतिष्ठानासाठी. तिथे निदान देणारा आणि घेणारा एका टेबलाला बसले.

याहून सरळ हिशेब व्हर्जिनिया राज्याने मांडला. २०२१ च्या कायद्याने गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या पाच जुन्या शिक्षणसंस्थांना वंशजांसाठी शिष्यवृत्ती किंवा वस्तीविकासाची योजना बंधनकारक केली. त्यासाठी ना सरकारी पैसा वापरायचा, ना फी वाढवायची. मुदतही ठरलेली: संस्थेने जितकी वर्षं गुलाम राबवले तितकी वर्षं, किंवा नोंदीत जितके गुलाम सापडले तितक्या शिष्यवृत्त्या पुऱ्या होईपर्यंत.