गुप्तरोग गुप्त, लूट मात्र उघड!

अंधेरी-बोरिवलीची लोकल असो की घाटकोपर-मुलुंडची, 'गुप्तरोगांवर हमखास इलाज' असे पत्रक कुठे ना कुठे चिकटलेले असतेच. आमच्या मते ही नुसती फसवणूक नाही, गुन्हा आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत गुप्तरोगांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यांच्या इलाजाची जाहिरात करणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा पुस्तकात आणि पत्रके भिंतीवर!

आपली माणसे या भोंदूंकडे जातात ती लाजेपोटी. ही लाज मोडण्यासाठी र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'मधून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे देत. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली मुंबई हायकोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! निकाल विरोधात गेला. पण लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही बाबासाहेबांची भूमिका आजही आपल्याला वाट दाखवते.

वास्तविक गरमी, परमा हे रोग वेळीच औषध घेतले तर बरे होतात. सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये उपचार मोफत आहेत. स्राव, जखम, ओटीपोटातले दुखणे अशा लक्षणांवरून डॉक्टर त्याच दिवशी औषधांचे किट देऊ शकतात. मोठ्या यंत्रसामग्रीवाचून हे काम साध्या दवाखान्यातही होते.

मात्र अनेक स्त्रियांना लक्षणे दिसतच नाहीत. म्हणून गरोदरपणी गरमीची रक्ततपासणी हवीच, आणि उपचार जोडीदारालाही हवेत. नवऱ्याने चोरून गोळ्या घेतल्या आणि बायकोला सांगितले नाही, तर रोग घरातच फिरत राहतो. पुढे तिच्या गर्भनलिका बंद पडतात आणि समाज 'वांझ' म्हणतो तो तिलाच. हा कुठला न्याय?

सरकारी दवाखान्यात उपचार मिळणे ही मेहेरबानी नाही. वेळेवर वैद्यकीय मदत देणे हे सरकारचे कर्तव्य असल्याचे सुप्रीम कोर्टाने १९९६ साली संविधानाच्या कलम २१ च्या आधारे बजावले आहे. एचआयव्ही तपासणीसाठी संमती आणि गुप्तता २०१७ च्या कायद्याने बंधनकारक केली आहे. तीच गुप्तता प्रत्येक गुप्तरोग्याला मिळाली पाहिजे.

महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात पडदा, स्त्री डॉक्टर आणि पुरेशी औषधे हवीत. रांगेत रोगाचे नाव पुकारणे बंद झाले पाहिजे. वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी, महिला मंडळांनी यासाठी वॉर्ड कार्यालयात लेखी निवेदने द्यावीत आणि त्यांची पोच घ्यावी. लाज रोग्याने नव्हे, त्याला लुटणाऱ्याने आणि ती लूट पाहत बसणाऱ्या यंत्रणेने बाळगावी!