आधी विचारलं होतं का?

स्पॅमचा इतिहास सांगताना सगळे १९७८पासून सुरुवात करतात. डीईसी कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना जाहिरात धाडली, तो किस्सा वाचकांना पाठ असेल. १९९४चं ग्रीन कार्डवाल्या वकील दांपत्याचं प्रकरणही तसंच. मला सांगायचंय ते १९९७नंतरच्या काळ्या याद्यांबद्दल.

कॅलिफोर्नियात पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड यांनी स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरांच्या पत्त्यांची 'मॅप्स'ची यादी सुरू केली. आधी ती बीजीपी या राउटिंग प्रोटोकॉलमधून राउटरांना मिळे, मग डीएनएसवर आली आणि सगळ्यांच्या आवाक्यात आली. एखादा सर्व्हर मेल घेऊन दारात आला, की आपला सर्व्हर त्याच्या आयपी पत्त्याचे आकडे उलट क्रमाने लावून डीएनएसला विचारणार. १२७.०.०.२ असं उत्तर आलं, म्हणजे पत्ता यादीत आहे, की मजकूर उतरवण्याआधीच दार बंद. ६४ केबीपीएसच्या लीज्ड लाइनवर अख्खं ऑफिस चालवणाऱ्या आम्हा पुण्यातल्या मंडळींना त्याचं मोल कळत होतं. १९९८मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये स्पॅमहाउस उभारलं आणि हे काम पुढे नेलं.

याद्यांना दादागिरी म्हणणारे तेव्हाही होते, आजही परिसंवादांतून तेच बोलतात. पण यादी कोणावर लादलेली नव्हती. ज्याचा सर्व्हर, त्याचा निर्णय. स्पॅमहाउसवर अमेरिकेत एका जाहिरात कंपनीने दावा लावला. २००६मध्ये १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई ठरली. अपिलांनंतर २०११मध्ये ती ३ डॉलरवर आली.

२००२मध्ये पॉल ग्रॅहमच्या लेखाने मेलमधल्या शब्दांवरून स्पॅम ओळखणाऱ्या बेझच्या गणिताची लाट आणली. गणित सुंदरच आहे, पण मजकूर तपासायला लागलं की पाठवणारा मजकूर बदलतो: शब्द तोडतो, जाहिरात चित्रात घालतो. शिवाय प्रश्न मजकुराचा नाहीच, परवानगीचा आहे. न विचारता हजारोंना पाठवलेलं देणगीचं आवाहनही स्पॅमच.

युरोपने २००२च्या निर्देशात हे ओळखलं: आधी संमती, मग जाहिरात. अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा १ जानेवारी २००४ला लागू झाला, त्यात उलट: आधी पाठवा, नको म्हटल्यावर थांबा. कॅलिफोर्नियाचा कडक कायदा त्याच दिवशी लागू होणार होता, तो यामुळे निकामी झाला. या घावातून आम्ही स्पॅमविरोधी मंडळी सावरलोच नाही. आपल्याकडे दूरसंचार नियामक ट्रायचे नियम फोन आणि एसएमएसपुरते. त्रासदायक ईमेलला शिवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, आणि योग्यच केलं. ते फार मोघम होतं.

आज पाठवणाऱ्याची ओळख पडताळणारे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क आहेत. फेब्रुवारी २०२४पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना गूगल आणि याहूने ते सक्तीचे केले. नियम चांगले आहेत. पण ते पाठवणारा कोण हे सांगतात, घेणाऱ्याची संमती होती का हे नाही. आणि निवाडा आता मोजक्या कंपन्यांच्या हाती गेला. स्पॅमहाउस नोंदीचं कारण सांगतं, नाव काढण्याची वाटही दाखवतं. आता एसपीएफ वगैरेच्या सगळ्या नोंदी बिनचूक असूनही छोट्या सर्व्हरचं मेल जंकमध्ये पडतं, आणि का ते विचारायला माणूस सापडत नाही. माझ्या ओळखीच्या एका ग्रंथालयाची पुस्तक परत करण्याची स्मरणपत्रं सभासदांना दिसेनात. त्यांनी मागच्या वर्षी स्वतःचा सर्व्हर बंद केला आणि मेल अशाच एका मोठ्या कंपनीकडे सोपवलं.